भिंतीवरून उतरलेली सीट

माझी मुलगी श्रुती सकाळी चहाच्या आधी मोबाईल उघडते आणि जगभरातल्या मोटार रेसिंगची खबर घेते. कोणता ड्रायव्हर पुढच्या वर्षी कोणत्या टीमकडे जाणार, कोणाचा करार संपत आलाय, कोण कोणाच्या मालकाशी बोलताना दिसला, यावर तिथं रोज नवी चर्चा असते. अख्खी रेस बघायचा तिला कंटाळा येतो, पण या जाण्यायेण्याच्या बातम्या ती चवीनं वाचते आणि मला ऐकवते. गेल्या हिवाळ्यात एकदा ती म्हणाली, "मम्मी, हा पक्का चाललाय बघ. फॅक्टरीतून त्यानं आपली सीट नेली म्हणे." मी म्हटलं, सीट नेली म्हणजे माणूस गेलाच असं नसतं. त्यावर ती फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "तुला काय माहिती?" मला काय माहिती आहे ते मी पंचवीस वर्षं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आता लिहायला बसले आहे तेही भीत भीतच. श्रुतीला मराठी वाचायला जड जातं, जोडाक्षर आलं की ती अडखळते, त्यामुळे हे तिला मलाच वाचून दाखवावं लागणार. म्हणजे तोंडानं सांगण्यातून सुटका नाहीच.

आम्ही तेव्हा तारनाक्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क होते. दोन खोल्या, पुढं व्हरांडा, मागं न्हाणी आणि एक पेरूचं झाड. दिवसभर डबे जोडल्याचे, तोडल्याचे दणके ऐकू यायचे. बाबा त्या आवाजांवरून किती वाजले ते सांगायचे आणि ते बहुतेकदा चुकायचं, पण त्यांना तसं कुणी सांगत नसे. आईचा धाकटा भाऊ आनंदमामा आमच्याकडेच असायचा. परभणीहून आयटीआय करायला म्हणून हैदराबादला आला तो राहिलाच. आई त्याच्यासाठी स्थळं आणायची आणि मामा मुलीच्या बापाशी कार्ब्युरेटर या विषयावर इतकं मन लावून बोलायचा की ती माणसं चहा पिऊन गुपचूप निघून जायची. शेवटी आईनं नाद सोडला. मामाचे हात काळे होते, म्हणजे रंगानं नाही, ग्रीसनं. नखांच्या कडेला बसलेलं ते काळं कधीच जायचं नाही. जेवायला बसायच्या आधी तो लिंबाच्या सालीनं हात घासत मोरीशी इतका वेळ उभा राहायचा की बाबा म्हणायचे, साले, हात धुतोयस की इंजिन?

मामा कुकटपल्लीच्या एका इंडस्ट्रियल शेडमध्ये रेड्डीसाहेबांच्या गॅरेजात हेड मेकॅनिक होता. बाहेरून ते गॅरेज कुणाच्या लक्षातही आलं नसतं. एका बाजूला फॅब्रिकेशनवाला, दुसऱ्या बाजूला पंपाचे सुटे भाग करणारा, आणि मध्ये हे. आत मात्र एक रेसची गाडी होती. एकाच माणसाची, बिनछपराची, जमिनीला जवळजवळ पोट टेकवून चालणारी. दक्षिणेतल्या ट्रॅकवर रेस असली की गाडी लॉरीनं जायची आणि मामा हत्यारांची पेटी घेऊन नामपल्लीहून रेल्वेनं. पेटी तो लॉरीत टाकत नसे, तिच्यावर त्याचा जीव होता. रेड्डीसाहेबांचं ग्रॅनाइटचं काम होतं आणि त्यातून मिळणारं बरंचसं ते या गाडीत घालायचे. त्यांच्या बायकोचं यावर काय मत होतं ते अख्ख्या गॅरेजला माहीत होतं.

या गाडीची सीट दुकानात मिळत नाही. ड्रायव्हरला गाडीत बसवायचं, त्याच्या पाठीमागं मोठी प्लास्टिकची पिशवी ठेवायची आणि तिच्यात दोन पातळ रसायनं एकत्र ओतायची. ती फसफसून फुगतात, कमरेच्या, खांद्याच्या प्रत्येक खोलगट जागेत शिरतात आणि थोड्या वेळात कडक होतात. तेवढा वेळ ड्रायव्हरनं हलायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. मग त्या साच्यावर चिकटपट्टी गुंडाळायची. अशी सीट ज्याची त्यालाच बसते, दुसरा बसला तर त्याची पाठ सोलून निघेल. रेसेस संपल्या की मामा ती सीट गाडीतून काढून ऑफिसशेजारच्या भिंतीवर एका हुकाला टांगून ठेवायचा. ड्रायव्हर टीम सोडणार असला की तो स्वतः येऊन आपली सीट उतरवून न्यायचा. तोंडानं सांगणं अवघड जायचं, सीट नेणं त्यातल्या त्यात सोपं. त्यामुळे आमच्या घरी "सीट उतरली" असं मामा म्हणाला की आईलासुद्धा कळायचं, कुणीतरी गेलं.

त्या वेळचा ड्रायव्हर होता फैयाज. मलकपेटचा. त्याचे वडील स्कूटर दुरुस्त करायचे. या खेळात सहसा पैसेवाल्यांची मुलं येतात, घरचा पैसा घेऊन. फैयाजनं स्वतःच्या हातांशिवाय काहीच आणलेलं नव्हतं. रेड्डीसाहेबांनी त्याला कुठल्याशा मातीच्या ट्रॅकवरच्या रेसमध्ये पाहिलं आणि आणून थेट गाडीत बसवलं. त्याची सीट मामानं बनवली तेव्हा फैयाजला अधेमधे हसू फुटत होतं, म्हणून ती तीनदा बनवावी लागली. तेव्हापासून तो आमच्या घरी जेवायला यायला लागला. आई अंबाडीची भाजी करायची, लसणाची जळजळीत फोडणी देऊन, आणि सोबत ज्वारीची भाकरी. शेजारच्या तेलुगू काकू त्या भाजीला गोंगूरा म्हणायच्या आणि आमची करायची पद्धत चुकीची आहे असंही म्हणायच्या. फैयाज पहिल्यांदा जेवला तेव्हा त्यानं तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि आईला म्हणाला, "आपा, ये गोंगूरा नै है, ये कुछ अउरच चीज है." आई त्या दिवसापासून त्याच्या बाजूची झाली. तो येणार असला की ती आधीच अंबाडी निवडायला बसायची, आणि मी म्हणायची, भावापेक्षा फैयाजचे लाड जास्त.

मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला रेसिंगचं वेड मामामुळे लागलं. खरं तर रेसचं नाही, रेसभोवतीच्या बोलण्याचं. मामा ट्रॅकवरून आला की जेवताना सांगायचा: चेन्नईच्या अमक्यानं दोन्ही दिवस दुसऱ्याच टीमच्या तंबूत जेवण घेतलं, तमक्यानं हेल्मेट नव्यानं रंगवायला दिलं आणि रंग आताच्या टीमचे नाहीत, अमका मेकॅनिक तमक्या मालकाला बघून कसा नजर चुकवत होता. बाबांना यात काडीचा रस नव्हता. मी मात्र कान टवकारून ऐकायची आणि मनात जुळवाजुळव करायची. तारनाक्याला मुख्य रस्त्यावर तेव्हा एक सायबर कॅफे निघाला होता, प्लायवुडच्या खणांचा. तिथं दुपारी बसून मी इंटरनेटवरच्या एका चर्चेच्या जागेत लिहायला लागले. देशभरातले रेसिंगचे शौकीन तिथं जमायचे. मी नाव घेतलं होतं टर्न थ्री. सगळे मला पुरुष समजायचे, कुणी सर म्हणायचं, एकानं तर तुम्ही स्वतः गाडी चालवायचात का असं विचारलं होतं. मी त्याला उत्तर दिलं नाही, म्हणजे त्याला हवं ते समजू दिलं. चेन्नईचा एक ड्रायव्हर टीम बदलणार हे मी दोन महिने आधी लिहिलं आणि ते खरं निघालं. मग आणखी एक. दोन्ही वेळा मी केलं काय होतं, तर मामाच्या ताटातला घास उचलून चव्हाट्यावर ठेवला होता. पण तेव्हा मला वाटायचं, ही माझी हुशारी. कॉलेजात मला कुणी विचारत नव्हतं, घरी मी सुजी होते, भाकऱ्या थाप म्हटलं की थापणारी. तिथं मात्र टर्न थ्री काय म्हणतात याची माणसं वाट बघायची.

त्या वर्षीची शेवटची रेस दसऱ्याच्या आधी तीनेक आठवडे झाली. फैयाजची गाडी टायरांच्या भिंतीवर आदळली. तो स्वतः बाहेर आला, लोकांना हात दाखवला, चालत चालत परत आला, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मामानं घरी एवढंच सांगितलं. त्यानंतर फैयाज आमच्याकडे आला नाही. आईनं दोनदा विचारलं, तर मामा म्हणाला, कामात असंल.

दसऱ्याच्या दिवशी आम्ही सकाळी पांढरे कपडे घालून विहारात जायचो. मामाही यायचा. दुपारनंतर मात्र तो कपडे बदलून गॅरेजात जायचा, कारण तिथं रेड्डीसाहेबांची आयुधपूजा असायची. मामा पूजेला हात लावत नसे, आणि रेड्डीसाहेबांनी कधी लावायला सांगितलं नाही. तो आपल्या पद्धतीनं सण करायचा. पेटीतला एकेक पाना काढून पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा आणि परत ठेवायचा. दरवर्षी मीही त्याच्या स्कूटरवर मागं बसून जायची, कारण तिथं पुळिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, आणि बुंदीचे लाडू असायचे. पूजेच्या आधी भिंतीवरची सीट उतरवून गाडीत ठेवायची आणि तिच्यावर हेल्मेट ठेवायचं, म्हणजे ड्रायव्हर बसलाय असं दिसायचं, मग झेंडूचा हार घालायचा, अशी रीत होती. त्या वर्षी हुक रिकामा होता. रेड्डीसाहेबांनी मामाला विचारलं, आनंद, सीट कुठाय? मामा म्हणाला, मागची बाजू चिरली होती सर, दुरुस्तीला दिली. पुजारी खोळंबले होते, साहेबांनी मान हलवली, हार नुसत्या हेल्मेटवर पडला. पण मी मामाला ओळखत होते. खोटं बोलताना तो समोरच्याकडे न बघता स्वतःच्या नखांकडे बघतो. आणि सीट दुरुस्तीला जाईल कुठं? अख्ख्या शहरात ती करणारा माणूस एकच, तो माझ्यापुढं उभा होता.

परत येताना स्कूटरवर माझ्या डोक्यात सगळं भराभर जुळत होतं. फैयाज घरी येत नाही. सीट उतरली. मामाला माहीत आहे आणि तो झाकतोय, म्हणजे मामासुद्धा त्याच्याबरोबर जाणार. उन्हाळ्यात कोइमतूरच्या टीमनं फैयाजला विचारलं होतं हे मामाच्याच तोंडून ऐकलं होतं. मला राग आला होता, हे मी कबूल करते. इतके दिवस आमच्या ताटात जेवला आणि जाताना आईला सांगावंसंही वाटलं नाही याचा राग. मामानं माझ्यापासून लपवलं याचा त्याहून जास्त. आणि रागाच्या खाली एक साधी हाव होती. त्या आठवड्यात बंगलोरच्या एका शहाण्यानं तिथं लिहिलं होतं की टर्न थ्रीची विहीर आटली दिसते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॅफेत गेले आणि चार वाक्यं लिहिली. हैदराबादच्या गॅरेजात दसऱ्याला सीट भिंतीवर नव्हती. मेकॅनिक म्हणतो, दुरुस्तीला दिली. दुरुस्तीला दिलेली नाही. कोइमतूरला विचारा. लिहून झाल्यावर मी बाहेर येऊन उस्मानिया बिस्किटं घेतली आणि खात खात घरी आले. ती चव मला अजून आठवते, आणि त्या दिवशी मी किती खुशीत होते तेही आठवतं. हे लिहिताना हात थांबतो, पण खोटं लिहायचं असेल तर लिहायचंच कशाला?

चार दिवसांत त्या चार वाक्यांचं काय झालं ते मी त्या प्लायवुडच्या खणात बसून बघत होते. एकानं लिहिलं, मी फैयाजला कोइमतूरच्या बसमध्ये पाहिलं. दुसऱ्यानं त्याचा नवा पगारही सांगून टाकला. तिसरा म्हणाला, एवढं करूनही शेवटी असाच निघाला, रेड्डींनी काय पाप केलं होतं? यातलं काहीही खरं नव्हतं, पण प्रत्येकजण टर्न थ्रीचा हवाला देत होता. मग चेन्नईच्या एका मासिकात छोटी बातमी आली आणि रेड्डीसाहेबांच्या कुणा मित्रानं ती त्यांना फोनवर वाचून दाखवली. मामानं सांगितलं ते असं: साहेब अर्धा तास ऑफिसात दार लावून बसले. मामा आत जाऊन म्हणाला, सर, एकदा फैयाजला बोलवा, विचारा. तर साहेब म्हणाले, मी ज्याला गाडीत बसवलं त्याला मी विचारायचं? त्यानं सांगायला पाहिजे. संध्याकाळपर्यंत त्यांनी एका बिल्डरच्या मुलाला पुढच्या वर्षासाठी गाडी देऊन टाकली होती. तो मुलगा दोन वर्षं त्यांच्या मागं लागलेला होता.

त्या दिवशी मामानं जेवताना माझ्याकडे बघितलं. आई आत होती, बाबा हात धुवायला उठले होते. "सुजी," तो म्हणाला, "तू कुठं बोललीस का काही? सीटचं?" मी म्हटलं, "नाही मामा. मी कशाला बोलू?" हे सांगताना मी सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. मला त्याच्यासारखं नखांकडे बघायची गरज पडली नाही, इतकी मी तयार झाले होते. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवण पुरं केलं. पुढं त्यानं मला तो प्रश्न कधीच विचारला नाही.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास फैयाज आला. ऑटोतून उतरला तो एका हातानं छताचा गज धरून, म्हाताऱ्या माणसासारखा, आणि दुसऱ्या हातात चादरीत गुंडाळलेली सीट. व्हरांड्यात त्यानं ती भिंतीला टेकवून ठेवली. आई बाजारात गेली होती, बाबाही बाहेर. मामा व्हरांड्यातच होता. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते आणि दार उघडंच होतं. फैयाज बसला नाही. त्याला बसताच येत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांचं बोलणं ऐकता ऐकता बाकीचंही कळलं. टायरांवर आदळला तेव्हा त्याच्या कमरेच्या मणक्याला चीर गेली होती. दुसऱ्या दिवशी मामा त्याला घेऊन डॉक्टरकडे गेला होता. नव्या वर्षाच्या चाचणीपर्यंत भरून येईल, पण गाडीत बसायची ताकद परत मिळवावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून मामानंच ती सीट गॅरेजातून काढून त्याच्या घरी पोचवली होती. फैयाज रोज गच्चीवर ती सीट ठेवून तीत बसायचा, काल बसला त्यापेक्षा थोडं जास्त, आणि किती मिनिटं झाली ते मागच्या चिकटपट्टीवर पेनानं लिहायचा. साहेबांना कळू द्यायचं नाही, कारण कळलं तर ते काळजीपोटी दुसरा ड्रायव्हर बघतील. कोइमतूरला त्यानं उन्हाळ्यातच नाही म्हणून सांगितलं होतं. तो कुठंही जाणार नव्हता. जी गाडी सोडायची नव्हती तिच्यासाठीच तो त्या गच्चीवर दात आवळून बसत होता.

मामा म्हणाला, चल, आत्ता साहेबांकडे जाऊ, खरं काय ते सांगू. फैयाजनं नकारार्थी मान हलवली. "कमर टूटी बोलूँ तो कल से कोईच गाडी में नै बिठाता, आनंदभाई. उससे अच्छा नमकहराम बोलने दो." तव्यावर भाकरी फुगली ती मी उलटली. फैयाज म्हणाला, "एकीच बात पूछना था. दुरुस्ती वाली बात झूट है, ये तुमकू मालूम, मेरेकू मालूम. तीसरे किसकू बी नै मालूम था. तुम किसकू बोले क्या?"

व्हरांड्यातून स्वयंपाकघराचं दार सरळ दिसतं. मामानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी तिथं उभी आहे ना, एवढंच बघावं तसं. माझे दोन्ही हात पिठात होते. त्या एका क्षणात मी बोलले असते तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, हे मला आज कळतं असं नाही, मला तेव्हाही कळत होतं. मी पुढचा उंडा घेतला आणि थापायला लागले. मामानं खाली आपल्या नखांकडे बघितलं आणि म्हणाला, "मेरेच मूँ से निकला होंगा, फैयाज."

फैयाज काही वाईट बोलला नाही. सीटकडे बोट दाखवून एवढंच म्हणाला, "तुम बनाए, तुमीच रखलो." आणि आला तसाच, कमरेवर हात ठेवून, फाटकातून बाहेर गेला. आई बाजारातून आली तेव्हा तिच्या पिशवीत अंबाडीची जुडी होती.

मामा त्या गॅरेजात आणखी एक वर्ष राहिला. बिल्डरच्या मुलासाठी त्यानं नवी सीट बनवली, पण घरी येऊन रेसचं बोलणं बंद केलं. पुढं त्यानं ते काम सोडलं आणि कुकटपल्लीतच लॉरींचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागला. ट्रॅकवर परत गेला नाही. फैयाजला कुणी गाडी दिली नाही. ज्यानं आपल्या मालकाला फसवलं तो आपल्याला काय धरून राहील, असं सगळ्या टीमवाल्यांचं झालं, आणि कोइमतूरची जागा तोवर भरलेली होती. पुढच्या दसऱ्याला आईनं अंबाडीची भाजी केली आणि मामा डबा घेऊन मलकपेटला गेला. डबा जसाच्या तसा परत आला. त्याच्या पुढच्या वर्षीही तो गेला. किती वर्षं जात होता ते मी मोजलं नाही, कारण दसरा जवळ आला की मी काही ना काही कारण काढून घराबाहेर राहायची. टर्न थ्री हे नाव मी त्या रविवारनंतर परत वापरलं नाही. तिथं काही दिवस माणसं विचारत होती, सर कुठं गेले?

मामानं मला कधी टोचलं नाही, हेच मला जास्त लागायचं. माझ्या लग्नात तो मंडपभर धावपळ करत होता. श्रुती झाली तेव्हा तिला पहिल्यांदा बाहेर नेलं ते त्यानंच. कितीतरी वेळा मी ठरवलं की आज त्याच्याजवळ बोलायचं, निदान त्याच्याजवळ, आणि मग वाटायचं, तो विसरला असेल, कशाला उगाच जुनं उकरायचं. ही पळवाट मी इतकी वापरली की मलाच खरी वाटायला लागली. मागच्या वर्षी, पावसाळा संपता संपता, मामा वर्कशॉपमधून घरी आला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि दवाखान्याच्या वाटेतच गेला. मी मलकपेटला निरोप पाठवला होता. फैयाज आला नाही.

मामाचं घर आवरताना माळ्यावर ती सीट सापडली, त्याच चादरीत. मागच्या चिकटपट्टीवर पेनाचे आकडे अजून दिसतात. पंधरा, वीस, पंचवीस, असे चढत चढत एक तास दहापर्यंत गेलेले, आणि मग काही नाही. मी ती घरी आणून पलंगाखाली ठेवली. श्रुतीनं जेव्हा ते सीट नेल्याचं सांगितलं आणि तुला काय माहिती म्हणाली, त्यानंतर चौथ्या दिवशी मी ती सीट घेऊन मलकपेटला गेले.

फैयाज आता ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. दोन जुन्या गाड्या, वर पिवळ्या पाट्या. केस पांढरे झालेत, पोट सुटलंय, खुर्चीत बसताना अजूनही आधी हात टेकतो. मला त्यानं लगेच ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर म्हणाला, "हौ, आनंदभाई की भांजी. बैठो माँ." त्यानं चहा मागवला. मी चादर सोडून सीट त्याच्यापुढं ठेवली. त्यानं त्या आकड्यांवरून बोट फिरवलं आणि हसला. मी चहा येईपर्यंतही थांबले नाही. थांबले असते तर परत पळवाट सापडली असती. मी म्हटलं, ते मी लिहिलं होतं. मामा कुणाजवळ काही बोलला नव्हता. मी बोलले होते, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी तिथंच उभी होते.

त्यानं सीटवरचं बोट काढलं आणि एकच विचारलं, "उनकू मालूम था?"

"हो," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."

चहा आला, त्यानं घेतला नाही. बाहेर एक कॉलेजची मुलगी शिकायला येऊन उभी होती, तिला त्यानं उद्या ये म्हणून सांगितलं. टेबलावरची गाडीची किल्ली उचलली, डोक्यावर रुमाल बांधला आणि दारापर्यंत जाऊन माझ्याकडे वळला. "मैं मय्यत में बी नै आया," तो म्हणाला. "चलो माँ. कहाँ सोए हैं, दिखाओ मेरेकू. माफी माँगना है."

मी उठलेच नाही. त्याला सांगावं लागलं की आमच्यात काहीजण पुरतात, पण मामाचं आम्ही दहन केलं. राख आम्ही नदीत सोडली. न्यायला जागा नाही. तो तसाच दारात उभा राहिला, हातात किल्ली घेऊन, आणि मी त्या सीटवर पुन्हा चादर गुंडाळत बसले.